कुत्र्याला घराबाहेर काढण्याआधी

या सदरात आम्ही लेकरांच्या तब्येतीवर लिहितो, शिक्षणावर लिहितो, महिन्याच्या हिशेबावर लिहितो. या वेळी कुत्र्यावर लिहीत आहोत, म्हणून कोणी नाक मुरडू नये. दुखणे कुत्र्याचे असले तरी त्याचा ताप साऱ्या घराला होतो, आणि शिक्षा मात्र बहुतेक वेळा त्या मुक्या जनावरालाच मिळते.

प्रकार आपल्या सर्वांच्या पाहण्यातला आहे. पावसाळा लागून महिना झाला की कुत्र्याच्या अंगावर रुपयाएवढा गोल, केस गेलेला चट्टा दिसतो. आठ-पंधरा दिवसांत एकाचे चार होतात. कोणी म्हणतो लूत लागली, कोणी म्हणतो गजकर्ण आहे. एखादी म्हातारी म्हणते, नजर लागली, गळ्यात काळा दोरा बांधा. कोणी गॅरेजमधून जळके ऑइल आणून चोपडतो. असे दोन महिने जातात. तेवढ्यात घरातल्या पोरीच्या दंडावर खाजरा गोल डाग उठतो आणि मग निकाल लागतो. रविवारी कुत्र्याला पोत्यात घालतात, गाडीवर ठेवतात आणि दूरच्या रस्त्यावर एखाद्या धाब्याजवळ सोडून येतात. घरात दोन दिवस कोणी धड जेवत नाही. पोरीचा डाग मात्र होता तिथेच असतो.

यवतमाळ जिल्ह्यात आपल्या वस्त्यांत कुत्रा शोभेसाठी फारसा कोणी पाळत नाही. बाया पहाटे वेचणीला निघतात तेव्हा तो बांधापर्यंत सोबत असतो. रात्री दाराशी झोपतो. २०१८ साली राळेगाव-पांढरकवड्याच्या पट्ट्यात वाघिणीच्या भीतीने ज्यांनी रात्री काढल्या, त्यांना अंगणातल्या कुत्र्याची किंमत आम्ही सांगायला नको. असा सोबती एका डागापायी रस्त्यावर सोडायचा, तर निदान तो डाग कशाचा आहे आणि कोणामुळे आला आहे, एवढे तरी आधी पाहिले पाहिजे. आमचा सारा आग्रह तेवढ्याचसाठी आहे. जनावराला असे उपाशी मरायला सोडणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा ठरवला आहे. त्या कायद्यात पहिल्या वेळचा दंड दहा ते पन्नास रुपये असा लिहिला गेला, म्हणजे धाब्यावरच्या एका भाजीपेक्षाही कमी. तेव्हा कायद्याच्या धाकाने कोणी थांबेल अशी आशा आम्ही धरत नाही. माहितीने थांबेल अशी धरतो.

आता डागाकडे वळू. कुत्र्याचे केस गेले की आपण सरसकट ‘लूत’ म्हणतो. पण लूत वेगळी आणि गजकर्ण वेगळे. लूत ही कातडीत राहणाऱ्या बारीक किड्यांमुळे होते. ते किडे डोळ्यांना दिसत नाहीत, सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. गजकर्ण किंवा नायटा ही बुरशी आहे. ती कातडीच्या मेलेल्या थरावर, केसांवर आणि नखांवर जगते. केस मुळाशी ठिसूळ होऊन तुटतात, म्हणून चट्टा गोल आणि खुंट राहिलेल्या शेतासारखा दिसतो. त्यावर कोंडा असतो. खाज असतेच असे नाही. तिसरा प्रकार म्हणजे साध्या जंतूंनी झालेल्या पुळ्या. त्या फुटल्या की त्यांचाही गोल चट्टाच पडतो. जनावरांचे डॉक्टर सांगतात की मोठ्या वयाच्या कुत्र्याच्या अंगावरचे गोल डाग पाहून आपण ज्याला गजकर्ण म्हणतो, त्यांतले बरेचसे गजकर्ण नसतातच. म्हणजे नुसते बघून औषध देणे हा अंधारात मारलेला दगड झाला. पिसवा आणि गोचिडांमुळे खाजवून खाजवून केस गेलेले कुत्रे तर वेगळेच.

गजकर्णाची बुरशी कुत्र्याला मिळते तरी कुठून? तीन वाटा मुख्य आहेत. एक मातीची. मातीत पडलेल्या केसांवर, पिसांवर, शिंगांच्या तुकड्यांवर जगणारी एक बुरशी आहे. कुत्रा बांधावर उंदराचे, घुशीचे बीळ उकरतो, नाक आत खुपसतो, आणि चट्टे नेमके नाकाच्या दांड्यावर आणि पुढच्या पंजांवर येतात. दुसरी वाट खुद्द उंदीर-घुशींची. तिसरी मांजराची. शास्त्रज्ञांनी एका बुरशीला ‘मायक्रोस्पोरम कॅनिस’, म्हणजे कुत्र्याची बुरशी, असे नाव देऊन ठेवले आहे. पण तिचे खरे माहेर मांजराच्या अंगावर. एखाद्या मांजराच्या अंगावर डाग दिसत नाही, केस गेलेले नसतात, तरी ते बुरशी घेऊन घरभर फिरते, लेकरांच्या पांघरुणात झोपते. नाव मात्र कुत्र्याचे झाले! माणसांच्या दुनियेतही असे होते, पण तो विषय येथे नको.

या सगळ्याला नजर, शाप, मागचे काही म्हणणाऱ्यांना एकच सांगावेसे वाटते. पॅरिसमध्ये डेव्हिड ग्रुबी नावाच्या डॉक्टराने १८४३ च्या सुमारास डोक्याला गजकर्ण झालेल्या मुलांचे केस सूक्ष्मदर्शकाखाली धरले आणि त्यांत बुरशी पाहिली. पावणेदोनशे वर्षे उलटली. एवढ्या काळात काळ्या दोऱ्याने एकही बीजाणू मेल्याचे कोणी पाहिलेले नाही.

नजरेपेक्षाही घातक असा एक उपाय आपल्या जिल्ह्यात होतो, आणि त्याबद्दल आम्ही स्पष्ट बोलणार आहोत. पऱ्हाटीवर फवारायचे औषध पाण्यात कालवून कुत्र्याला आंघोळ घालतात. ‘अळी मरते तर कातडीतला किडा का नाही मरणार?’ असा हिशेब. २०१७ चा पावसाळा आठवा. याच जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेकडो शेतकरी-मजुरांना विषबाधा झाली, वीसहून अधिक माणसे गेली. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात खाटा पुरेनात. त्या माणसांनी विष प्यायले नव्हते. ते अंगावर उडाले होते, कपड्यांतून मुरले होते, श्वासातून गेले होते. कातडीतून विष शरीरात कसे शिरते हे यवतमाळच्या माणसाला दुसऱ्या कोणी शिकवायची गरज नाही. कुत्रा तर आंघोळीनंतर आपले अंग जिभेने चाटून पुसतो, म्हणजे कातडीतून गेले ते गेले आणि पोटातही गेले. तोंडाला फेस येणे, अंग थरथरणे, उलट्या, आणि मग खेळ संपला. बुरशीवर त्या औषधाचा काही उपयोग नाही, कारण ते कीटक मारण्यासाठी आहे. बुरशी कीटक नव्हे. गोचिडांसाठी म्हणून मिळणाऱ्या काही औषधांत परमेथ्रिन असते. ते कुत्र्याला सहन होते पण मांजराला मारते, हेही ज्यांच्या घरी दोन्ही आहेत त्यांनी ध्यानात ठेवावे.

जळक्या ऑइलचेही तसेच. कातडी भाजते, चाटले की पोटात जाते. निंबाचा पाला उकळून त्या पाण्याने धुतले तर कुत्र्याचे काही बिघडत नाही, अंग स्वच्छ होते, पण तेवढ्याने गजकर्ण हटते असे आम्ही म्हणणार नाही. गंधकाबद्दल मात्र आपल्या जुन्या माणसांना मान दिला पाहिजे. चुना आणि गंधकाचे पातळ द्रावण जनावरांचे डॉक्टर आजही बुरशीवर वापरतात. वास सडक्या अंड्यासारखा येतो आणि पांढरा कुत्रा पिवळा दिसतो, पण काम होते. ते तयार मिळते आणि मापाने पातळ करावे लागते. घरी गंधक तेलात कालवून थापणे म्हणजे तो उपाय नव्हे.

आमच्या घरच्या मोत्याचे सांगतो. मोत्या गावठी आहे, तांबूस, वय पाच वर्षे. मागच्या वर्षी जुलैत त्याच्या नाकाच्या दांड्यावर आणि उजव्या पंजावर चट्टे आले. तालुक्याच्या ढोरांच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी आधी कातडी खरवडून काचेवर घेतली आणि लुतीचे किडे पाहिले. निघाले नाहीत. मग चट्ट्याच्या कडेचे तुटके केस चिमट्याने उपटले, त्यावर औषधाचा थेंब टाकून पाहिले. अंधारात जांभळ्या प्रकाशाचा दिवाही धरला. त्या दिव्याखाली मांजराच्या त्या बुरशीचे केस हिरवट चमकतात, तेही नेहमी नाही. मोत्याचे चमकले नाहीत. डॉक्टर म्हणाले, ‘न चमकणे म्हणजे बुरशी नाही असे नव्हे. कल्चर करू.’

कल्चर म्हणजे केस आणि कोंडा एका खास खाद्यावर ठेवून बुरशी उगवू देणे. बुरशीला वाढायला वेळ लागतो, कधी आठवडा, कधी तीन. रक्ताचा रिपोर्ट संध्याकाळी मिळतो तसे येथे होत नाही, आणि पुष्कळ लोक येथेच कंटाळतात. मोत्याचा नमुना नागपूरला गेला. नागपूरचे पशुवैद्यक महाविद्यालय १९५८ पासूनचे आहे आणि आता ते महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली येते. तीन आठवड्यांनी उत्तर आले, मातीतली बुरशी. त्याच्या बिळे उकरण्याच्या नादाशी ते जुळले.

औषध दोन बाजूंनी सुरू झाले. आतून इट्राकोनाझोलची गोळी, वजन करून डॉक्टरांनी ठरवलेली, जेवणासोबत. बाहेरून मिकोनाझोल आणि क्लोरहेक्झिडीन असलेल्या शाम्पूने आठवड्यातून दोनदा आंघोळ. गोळीचे प्रमाण आम्ही येथे मुद्दाम देत नाही. या गोळ्या यकृतावर ताण आणू शकतात, म्हणून मधून रक्त तपासावे लागते. ग्रिसोफल्विन ही जुनी गोळी तर गाभण कुत्रीला मुळीच चालत नाही, पिल्ले व्यंग घेऊन जन्मतात. तेव्हा शेजाऱ्याच्या कुत्र्याची उरलेली गोळी आपल्या कुत्र्याला, हा धंदा करू नये.

शाम्पूचे खरे गुपित वेळेत आहे. फेस अंगावर दहा मिनिटे राहिला पाहिजे, आणि दहा मिनिटे म्हणजे घड्याळातली, आपल्या अंदाजातली नव्हेत. भिजलेल्या कुत्र्याला दहा मिनिटे धरून ठेवणे काय असते ते ज्याने धरले त्यालाच ठाऊक. आमच्या घरी बुधवार आणि रविवार दुपारचा हा कार्यक्रम असे. थोरला मुलगा मोबाईलवर वेळ लावी, घरच्यांनी हातात प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून फेस चोळायचा, धाकटीने लांबून मोत्याशी बोलत राहायचे. मग भरपूर पाण्याने धुऊन, जुन्या लुगड्याने कोरडे करायचे. ते लुगडे दुसऱ्या कशाला वापरायचे नाही. ऊन असताना आंघोळ घालावी, संध्याकाळी ओले ठेवू नये. कपड्याचा साबण वापरू नये, कातडी आणखी उलते. शाम्पूची बाटली एक-दोन दिवसांच्या मजुरीएवढी पडते. महाग आहे, हे आम्हालाही कळते. पण लांब केसांचा पामेरियन नसेल तर एक बाटली पुष्कळ पुरते. लांब केस असतील तर डॉक्टरांना विचारून ते आखूड कापावेत. कापताना कातडीला ओरखडा पडू देऊ नये, कारण बुरशी ओरखड्यातूनच शिरते. कापलेले केस गोळा करून जाळावेत, उकिरड्यावर टाकू नयेत.

पाचव्या आठवड्यात मोत्याच्या नाकावर लव आली. पंजाही भरला. घरात सर्वांना आनंद झाला आणि सर्वांच्या तोंडी एकच वाक्य आले, ‘आता झाले, बंद करू.’ डॉक्टरांनी परत कल्चर पाठवले. केस उगवलेल्या त्या नाकावरून घेतलेल्या नमुन्यात बुरशी पुन्हा वाढली! बघायला कुत्रा साफ बरा, आणि बुरशी जिवंत. वाचकांनी ही गोष्ट नीट ध्यानात घ्यावी, कारण ‘आमच्या कुत्र्याचे गजकर्ण दरवर्षी उलटते’ असे जे म्हणतात, त्यांतल्या पुष्कळांचे ते उलटलेले नसते. ते गेलेलेच नसते. केस येणे हा अर्धा रस्ता आहे. कल्चर एकदा, जमल्यास दोनदा स्वच्छ आले म्हणजे औषध थांबवायचे, आणि तेही डॉक्टरांनी सांगितल्यावर. मोत्याचे ऑक्टोबरच्या अखेरीस दोनदा स्वच्छ आले. औषध साधारण अडीच-तीन महिने चालले. निरोगी कुत्र्याला दीड-दोन महिन्यांत आराम पडतो, म्हाताऱ्या किंवा दुसरे दुखणे असलेल्या कुत्र्याला जास्त लागतो.

दुसरी बाजू घराची. बुरशीचे बीजाणू गळलेल्या केसांत, कोंड्यात राहतात आणि कोरड्या जागी, मांजराच्या त्या बुरशीचे तर, दीड वर्षापर्यंत तग धरतात. कुत्रा बरा करायचा आणि त्याचे जुने पोते तसेच ठेवायचे, म्हणजे एका हाताने भरायचे आणि दुसऱ्याने सांडायचे. जुने तरट, कापडी पट्टा, मोडका कंगवा हे सरळ जाळून टाकावे. पोत्याऐवजी खताची प्लॅस्टिकची रिकामी गोणी उलटी करून चांगली धुऊन अंथरावी, ती रोज पुसता येते. केस आधी झाडून-पुसून उचलायचे, मग साबणाच्या पाण्याने फरशी घासायची, आणि नंतर ब्लीचिंगचे पातळ पाणी. घाणीवर सरळ ब्लीचिंग ओतले तर ते वाया जाते. ब्लीचिंगमध्ये फिनाइल, ॲसिड काहीही मिसळू नये, विषारी वाफ निघते. चादरी, गोधड्या साबण लावून दोनदा धुवाव्यात, आणि बादलीत ठासून भरू नयेत, कपड्याला पाण्यात फिरायला जागा पाहिजे. आपल्याकडचे मे महिन्याचे ऊन पाहून वाटते की उन्हात टाकले की सर्व मेले. उन्हात वाळवावे जरूर, पण त्याच्या भरवशावर धुणे टाळू नये. ज्यांची जमीन शेणाने सारवलेली आहे त्यांना ब्लीचिंगने धुता येणार नाही. त्यांनी औषध चालू असेपर्यंत कुत्र्याची जागा बाहेर पडवीत, पत्र्याखाली, कोरडी अशी ठरवून द्यावी आणि बाजेखाली शिरू देऊ नये. बाहेर जागा देणे आणि घराबाहेर काढणे यांत फरक आहे, कुत्र्यालाही तो कळतो.

आता पोरीच्या दंडावरचा डाग. कुत्र्याचे गजकर्ण माणसाला लागते, हे खरे. लहान मुले, म्हातारी माणसे, मधुमेहाचे रुग्ण, गरोदर बाया यांनी त्या दिवसांत कुत्र्याला कुरवाळू नये, आणि ज्याने हात लावला त्याने हात धुवावेत. पण घरातल्या प्रत्येक नायट्याचा बाप कुत्राच असतो, हे खोटे. गेल्या दहा-बारा वर्षांत साऱ्या भारतात माणसांच्या गजकर्णाची मोठी लाट आली आहे. जांघेत, कमरेला, छातीखाली पसरणारे, औषधाला दाद न देणारे गजकर्ण. त्यामागच्या बुरशीला २०२० साली ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ असे वेगळे नाव मिळाले. आपल्या देशाचे नाव त्यात आले, अभिमान धरावा असे ते निमित्त नव्हे. ही बुरशी मुख्यतः माणसाकडून माणसाकडे जाते. एकाच टॉवेलने चौघांनी अंग पुसणे, एकमेकांच्या पँटी घालणे, घामाने भिजलेले घट्ट सिंथेटिक कपडे दिवसभर अंगावर असणे, हे तिला फावते. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे राहत असतील तर टॉवेल वेगळा ठेवणे सोपे नाही, हे आम्ही जाणतो. तरी तेवढी एक गोष्ट घरात झाली पाहिजे.

आमच्या भाच्याला मोत्याच्याच काळात गजकर्ण होते. सर्वांनी बोट मोत्याकडे दाखवले. त्वचारोगाच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, ‘आधी कोणाला झाले?’ तारखा मोजल्या तर भाचा मे महिन्यात वसतिगृहातून आला तेव्हाच त्याच्या जांघेत ते होते. मोत्याचा पहिला चट्टा जुलैचा. शिवाय मोत्याची बुरशी मातीची, आणि भाच्याची माणसांतली. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. तारखा मोजण्याला पैसे लागत नाहीत. ज्या घरात कुत्र्यावर आळ आला आहे, तेथे आधी हे करून पाहावे.

भाच्याने एक मलमही आणले होते, दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळालेले. या मलमांची गंमत अशी की त्यांत बुरशीचे औषध असते, जंतूंचे असते आणि वर स्टेरॉइड असते. स्टेरॉइडने तीन दिवसांत खाज आणि लाली बसते, माणूस म्हणतो वा! आणि खाली बुरशी मोकळी पसरते, कारण कातडीने लढणे सोडलेले असते. मलम थांबले की दुप्पट होऊन वर येते. २०१८ साली सरकारने स्टेरॉइडची मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ३२८ मिश्र औषधांवर बंदी घातली, त्यांत अशी काही मलमेही होती. तरी मागितले की काही ना काही हातात पडतेच. हेच मलम लोक कुत्र्यालाही लावतात. कुत्रा ते चाटतो, आणि त्याला खरोखर लूत असेल तर स्टेरॉइडने ती आणखी भडकते. एका घरी आम्ही असा कुत्रा पाहिला. तोंडापासून शेपटीपर्यंत केस नव्हते, आणि घरचे सांगत होते की पहिल्या आठवड्यात चांगला गुण आला होता.

अजून एका बुरशीबद्दल थोडे सांगतो, कारण तिच्याबद्दलच्या तक्रारी सर्वांत चिवट असतात. कुत्र्याच्या अंगाला खवट वास, कातडी तेलकट, पुढे पुढे काळी आणि हत्तीच्या कातड्यासारखी जाड. कानातून तपकिरी मळ. बोटांच्या फटी लाल, आणि कुत्रा सारखे पंजे चाटतो. हे गजकर्ण नव्हे. ‘मॅलासेझिया’ नावाची ही बुरशी थोड्या प्रमाणात प्रत्येक कुत्र्याच्या अंगावर असतेच. ती पहिल्यांदा ओळखली गेली १९२५ साली, अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयात ठेवलेल्या एका भारतीय गेंड्याच्या अंगावर. त्याची कातडी सोलून निघत होती. गेंड्याची कातडी जिला आवरत नाही ती कुत्र्याची काय आवरणार! ही बुरशी कुत्र्याकडून माणसाला सहसा लागत नाही, तेव्हा तिच्यासाठी कोणी भिऊ नये. पण ती परत परत येते, आणि का येते हे समजून घेतले पाहिजे. पिसवांची ॲलर्जी, खाण्यातली एखादी न मानवणारी वस्तू, किंवा थायरॉइड ग्रंथी मंद पडणे, यांपैकी काहीतरी खाली दडलेले असते. ते धुंडाळले नाही तर शाम्पू आयुष्यभर पुरत नाही. खोबरेल तेल लावून तर तिला मेजवानीच मिळते, कारण ती तेलकटपणावरच पोसते. अशा कुत्र्याला पावसात भिजू देऊ नये, भिजला तर कान आणि बोटांच्या फटी कोरड्या कराव्यात.

दारव्हा, दिग्रस, उमरखेड, वणी, कोणत्याही तालुक्याच्या ठिकाणी जनावरांचा सरकारी दवाखाना आहे, आणि यवतमाळला जिल्ह्याचे मोठे पशुवैद्यकीय चिकित्सालय आहे. कुत्रा घेऊन गेलो तर हसतील, असे काहींना वाटते. बैल-म्हशींच्या रांगेत कुत्रा घेऊन उभे राहायला संकोच होतो खरा. पण मोत्याला घेऊन आम्ही चारदा त्या रांगेत उभे होतो, आणि दुसऱ्या वेळेस आमच्या मागे आणखी दोन कुत्रे होते. जाताना गोठ्यातले वासरूही एकदा बघून जावे. त्याच्या डोळ्याभोवती राखी रंगाची खपली धरली असेल तर तेही गजकर्णच असू शकते, ती बुरशी निराळी, पण दूध काढणाऱ्याच्या हाताला लागते.

कल्चरसाठी नमुना न्यायचा असेल आणि कुत्रा दवाखान्यापर्यंत नेणे जमत नसेल, तर डॉक्टरांना विचारून हे करता येते. नवा, न वापरलेला दात घासायचा ब्रश घ्यायचा. चट्ट्याच्या कडेवरून आणि नंतर सर्व अंगावरून दोन-तीन मिनिटे फिरवायचा. केस अडकलेला तो ब्रश कोरड्या कागदाच्या पाकिटात घालायचा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नये, दमटपणाने त्यात भलतीच बुरशी उगवते. पाकिटावर तारीख, कुत्र्याचे वय आणि कोणकोणती औषधे आधी लावली ते लिहावे, जळके ऑइल लावले असेल तर तेही लिहावे. आणि आंघोळ घातली असेल तर त्या दिवशी नमुना घेऊ नये.